अर्धा राहिलेला डाव

दिवाळीच्या रात्री पत्ते खेळायचे, असा आमच्या घरचा रिवाज होता. लक्ष्मीपूजन झाले, लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटून झाला, की माजघरात सतरंजी अंथरली जाई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, कपाटातून पत्त्यांचा जोड काढीत. खेळ मात्र लाडीस किंवा झब्बूचा नसे. तो ब्रिजचा असे. साताऱ्याच्या वकीलमंडळींत तेव्हा त्या खेळाचे वेड होते. बावन्न पाने चौघांत सारखी वाटायची, समोरासमोरचे दोघे भिडू, आधी बोली आणि मग तेरा हात. वाचकांना एवढे ठाऊक असले तरी पुढचे समजायला पुरे आहे. अण्णांचे भिडू मामा. त्यांच्या विरुद्ध नाना आणि डॉक्टर. हरणाऱ्या जोडीने पाडव्याचे श्रीखंड आणायचे, हाच काय तो जुगार.

१९६४ सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा होतो आणि अण्णांच्या पाठीशी बसून त्यांची पाने पाहत होतो. रात्री दहाच्या सुमारास त्यांच्या हाती अशी पाने आली, की तेरांत नव्वीच्या वरचे एकही पान नाही. एक्का नाही, चित्र नाही, दश्शीसुद्धा नाही. अण्णा हसले. तासाभराने पुन्हा तसेच झाले. दोन्ही वेळा पत्ते नानांनी वाटले होते. अण्णांनी पाने सतरंजीवर पालथी टाकली आणि म्हणाले, "नाना, पत्ते जरा नीट पिसत जा."

आवाजात थट्टा नव्हती. नानांनी आपली पाने हळूच खाली ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि ते निघून गेले. त्यांच्या बशीतली अर्धी चकली तशीच राहिली.

सतरंजी झटकताना आई एवढेच म्हणाली, "अहो, तीस वर्षं ज्याला पाहिलं, त्याला एका रात्रीच्या पानांवरून तोलता? आणि पत्ते कापले कुणी होते? तुम्हीच ना?" ते खरे होते. वाटणाऱ्याने पिसलेले पत्ते उजव्या हाताला बसलेल्यापुढे कापायला ठेवायचे असतात, आणि नानांच्या उजवीकडे अण्णाच बसले होते.

पुढे कॉलेजात मी गणित घेतले, त्याचे कारण हा डाव, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मला हिशेब करून पाहायचा होता.

पहिला प्रश्न असा : एकाच्या हाती येऊ शकतील असे तेरा पानांचे गट एकूण किती? त्याची रीत शोधायला मला परदेशी जावे लागले नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, ती दिलेली आहे. उतरते आकडे वर मांडावेत, चढते खाली, गुणाकार करीत जावे आणि भागीत जावे. त्यांचे एक उदाहरण फराळाच्या ताटाला शोभण्यासारखे आहे : गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा रसांचे किती प्रकार होतील? एकेक घेतला तर ६, दोन-दोन घेतले तर १५, तीन-तीनांचे २०, मग पुन्हा १५, ६ आणि १, मिळून ६३. त्याच रीतीने बावन्नांतून तेरा पाने निवडली, की आकडा येतो ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. दर मिनिटाला एक गट, अन्नपाणी आणि झोप सोडून, पाहत बसले तर सगळे पाहून होण्यास बारा लाख वर्षांहून अधिक काळ लागेल. आपण रोज हाती घेतो ती साधीसुधी तेरा पाने, आणि तेराच्या तेरा इस्पिकची पाने, ही दोन्ही या प्रचंड राशीतली एकेकच. दुर्मिळता दोन्हींची सारखी. फक्त एकीकडे आपले लक्ष जाते आणि दुसरीकडे जात नाही.

परंतु प्रकार मोजणे वेगळे आणि संभव मोजणे वेगळे. हे दुसरे पाऊल युरोपात पडले, आणि तेही जुगाऱ्यांच्या संगतीत. इटलीतला वैद्य आणि गणिती कार्डानो हा स्वतः अट्टल जुगारी. त्याने फाशांच्या आणि पत्त्यांच्या खेळावर एक पुस्तक लिहिले, त्यात शक्यतांचा हिशेब आहे आणि लबाडी कशी ओळखावी याचीही चर्चा आहे. तो १५७६ साली वारला आणि पुस्तक छापले गेले १६६३ साली. दरम्यान १६५४ मध्ये फ्रान्सात पास्काल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रे लिहून एक जुने कोडे सोडविले होते. ते कोडे वाचले तेव्हा मला आमचे माजघर आठवले. प्रश्न असा होता : खेळ मध्येच मोडला तर पैजेची रक्कम वाटायची कशी?

समजा, दोघांनी ३२-३२ नाणी लावली आहेत आणि जो आधी तीन डाव जिंकेल त्याची ती सगळी. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पास्काल म्हणतो, मागे काय झाले ते पाहू नका, पुढे काय होऊ शकले असते ते पाहा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर चौसष्टही नाणी त्याची. हरला तर बरोबरी आणि बत्तीस. म्हणजे बत्तीस त्याची ठरलेलीच, उरलेल्या बत्तिसांतली निम्मी त्याची. वाटणी ४८ आणि १६. संभवाच्या गणिताचा जन्म या अर्ध्या राहिलेल्या खेळातून झाला, असे इतिहासकार मानतात.

आता अण्णांच्या पानांकडे वळू. तसल्या पानांना ब्रिजमध्ये 'यारबरो' म्हणतात. या नावाचे एक इंग्रज अर्ल एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. तेव्हा ब्रिज नव्हता. त्याचा आजा व्हिस्ट होता. हे अर्ल पैज लावीत असे सांगतात : तुम्ही मला एक पौंड द्या, नव्वीच्या वरचे एकही पान हाती आले नाही, तर मी तुम्हाला हजार पौंड देईन. ऐकणाऱ्याला वाटे, केवढे औदार्य! पण नव्वी आणि तिच्याखालची पाने बत्तीस. त्यांतून तेरा निवडण्याचे प्रकार ३४ कोटी ७३ लाख ७३ हजार ६००. यावरून अशी पाने येण्याचा संभव १,८२८ वाटपांत एकदा. म्हणजे अर्लसाहेब सरासरीने १,८२७ पौंड घेत आणि हजार देत. लबाडी कसलीच नव्हती. समोरच्याला भागाकार येत नव्हता, इतकेच.

मला भागाकार येत होता. एका रात्रीचे आमचे चोवीस डाव, त्यांतले सहा नानांनी वाटलेले. त्या सहांत दोनदा अण्णांना यारबरो यावा याचा संभव निघाला सुमारे सव्वादोन लाखांत एक! वहीतला आकडा पाहून माझ्या छातीत धस्स झाले. अण्णांचा संशय बरोबर होता तर?

दोन-तीन दिवस मी तसाच वावरलो. मग माझी चूक माझ्या ध्यानात आली. वाटणारे नाना आणि भोगणारे अण्णा, ही नावे मी घटना घडून गेल्यानंतर घातली होती. चौघांपैकी कुणी वाटले असते आणि चौघांपैकी कुणाला आले असते, तरी आम्ही तितकेच चकित झालो असतो. तेवढ्यानेच आकडा चौदा हजारांत एकवर आला. त्या रात्री चौदा हजार घरांत ब्रिज चालला असता, तर सरासरीने एका घरी हे व्हायचेच. ते घर आमचे निघाले.

आणि याहून मोठी चूक दुसरीच होती. १७६३ साली, थॉमस बेज नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्याचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. त्यातल्या विचाराचे मर्म असे, की माणूस निर्दोष असता ही गोष्ट घडणे किती दुर्मिळ, एवढ्यावरून तो निर्दोष असणे किती दुर्मिळ हे ठरत नाही. तो दोषी असता ती गोष्ट घडण्याचा संभव किती, आणि मुळात त्याच्याविषयी आपला अनुभव काय, हेही तराजूत घालावे लागते. नानांनी लबाडी केली असती, तर चांगली पाने स्वतःकडे घेतली असती. अण्णांना न आलेल्या वीस मोठ्या पानांतला वाटा अण्णांच्याच भिडूला, मामांना, कशाला दिला असता? आणि सारे कशासाठी? शेरभर श्रीखंडासाठी? तीस वर्षांची मैत्री एका पारड्यात होती. बेजचा निबंध मला पुस्तकांतून कळला. आईने तो सतरंजी झटकता झटकता सांगितला होता.

एक गोष्ट अण्णांच्या बाजूनेही नोंदवायला हवी. १९९२ साली बेयर आणि डायकोनिस या अमेरिकन गणितज्ञांनी दाखविले, की गड्डी दोन भागांत करून पाने एकमेकांत सोडण्याची रीत घेतली, तर पत्ते नीट मिसळायला तसे सुमारे सात वेळा करावे लागते. आम्ही दोन-तीन वेळा पिसून मोकळे होत असू. म्हणजे पत्ते नीट पिसले जात नव्हते हे खरे. पण ते चौघांपैकी कुणीच पिसत नव्हते.

पुढच्या दोन दिवाळ्यांना माजघरात सतरंजी पसरली नाही. तिसऱ्या वर्षी पाडव्याला अण्णांनी मला हाक मारली, माझ्या हाती फराळाचे ताट दिले आणि आम्ही नानांच्या घरी गेलो. नानांनी दार उघडले. अण्णा म्हणाले, "नाना, पत्ते मीच कापले होते." नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आत ये. चहा टाकायला सांगतो."

खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुष्कळ वर्षे चालला. पण नानांनी पुन्हा कधी पत्ते वाटले नाहीत. त्यांची पाळी आली की ते गड्डी समोर डॉक्टरांकडे सरकवीत आणि अण्णा सतरंजीकडे पाहत राहत.

आता त्या चौघांपैकी कुणीच नाही. दिवाळीला नातवंडे जमतात आणि पत्ते खेळतात. एखाद्याच्या हाती भिकार पाने आली आणि त्याने वाटणाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहिले, की मी त्याला यारबरोच्या अर्लची गोष्ट सांगतो. नानांची सांगत नाही. या वर्षी मात्र ती सांगावी म्हणतो.