स्वर्गदर्शन, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. मृत्यूनंतर, अथवा विशेष कृपेने जिवंतपणीच, आत्म्याला ईश्वराचे साक्षात दर्शन घडते, हा तिचा गाभा होय. बायबलमध्ये याविषयी परस्परविरुद्ध वाटणारी विधाने आढळतात. ईश्वराचे मुख पाहून मनुष्य जिवंत राहू शकत नाही, असे निर्गम या ग्रंथात मोशेला सांगण्यात आले आहे. उलट शुद्ध अंतःकरणाच्या माणसांना देवदर्शन होईल, असे आश्वासन येशूच्या गिरिप्रवचनात आहे. या दोन विधानांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतूनच स्वर्गविषयक ख्रिस्ती मते घडत गेली.

बायबलमधील दर्शने : हिब्रू भाषेत आकाश व स्वर्ग या दोहोंना ‘शामायिम’ हा एकच शब्द आहे, ग्रीक ‘ऊरानोस’ या शब्दाचीही तीच स्थिती आहे. त्यामुळे स्वर्ग म्हणजे डोक्यावरील एक स्थान, ही कल्पना शब्दातच रुजलेली होती. यशया संदेष्ट्याने मंदिरात उच्च सिंहासनावर बसलेल्या प्रभूला पाहिले. बॅबिलोनियातील बंदिवासात असताना खबार नदीच्या काठी यहेज्केलला चार प्राणी, डोळ्यांनी भरलेली चाके व नीलमण्यासारखे सिंहासन दिसले (इ. स. पू. सु. ५९३). वर्णन करताना मात्र त्याने आपण देव पाहिला असे न म्हणता, देवाच्या वैभवाच्या प्रतिरूपाचे स्वरूप पाहिले, अशा अर्थाची सावध शब्दयोजना केली आहे. या अध्यायाचे विवरण अपरिपक्व शिष्यापुढे करू नये, असा निर्बंध पुढे ज्यू धर्मगुरूंनी घातला.

नव्या करारात, दगडमाराने मरण पावण्यापूर्वी स्तेफनला उघडलेला स्वर्ग दिसतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलल्या गेलेल्या एका मनुष्याविषयी सांगतो. हा मनुष्य म्हणजे स्वतः पौल, असे सामान्यतः मानतात. हे शरीरासह घडले की शरीराबाहेर, हे आपणास ठाऊक नाही आणि तेथे ऐकलेले शब्द उच्चारता येण्याजोगे नाहीत, असे तो म्हणतो. पौलाने राखलेले हे मौन पुढील काळातील लेखकांना मानवले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नावावर स्वर्ग-नरकांची तपशीलवार वर्णने असलेला एक ग्रंथ प्रचारात आला. सेंट ऑगस्टीनने तो त्याज्य ठरविला. तथापि मध्ययुगीन लोककल्पनेवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

प्रारंभीचे भाष्यकार : प्रकटीकरण या ग्रंथातील सहस्रवार्षिक राज्य पृथ्वीवरच अवतरेल, असे दुसऱ्या शतकात आयरेनीअसने प्रतिपादिले. ऑरिजेनने (सु. १८५–सु. २५४) अशा शब्दशः अर्थाला विरोध करून स्वर्गारोहण म्हणजे आत्म्याचे क्रमाक्रमाने होणारे शिक्षण, अशी मांडणी केली. पौर्वात्य चर्चमध्ये प्रकटीकरणाविषयी दीर्घकाळ साशंकता होती. बायझंटिन उपासनेतील नियत वाचनांत त्याचा समावेश आजही नाही.

पाश्चात्त्य परंपरेला निश्चित चौकट दिली ती ऑगस्टीनने (३५४–४३०). उत्पत्ती या ग्रंथावरील भाष्याच्या बाराव्या भागात त्याने दर्शनाचे तीन प्रकार सांगितले : डोळ्यांनी होणारे शारीरिक, मनातील प्रतिमांच्या द्वारे होणारे मानसिक आणि प्रतिमेवाचून सत्य जाणणारे बौद्धिक. पौलाचा तिसरा स्वर्ग त्याने या शेवटच्या प्रकारात घातला. अशा रीतीने स्वर्गाच्या पायऱ्या आकाशातून अंतःकरणात आल्या. ग्रीक परंपरेने मात्र ईश्वराचे तत्त्व देवदूतांनाही अगम्य आहे, या सेंट जॉन क्रिसोस्टमच्या मतावर भर दिला. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासने ईश्वराचे अगम्य तत्त्व व त्याच्या अनुभवगम्य शक्ती यांत भेद केला आणि ताबोर पर्वतावर शिष्यांना दिसलेला प्रकाश या शक्तींचा होय, असे म्हटले. कॉन्स्टँटिनोपल येथील १३४१ व १३५१ च्या धर्मपरिषदांनी हे मत उचलून धरले.

पोप बाविसावा जॉन व आव्हीन्यों येथील वाद : पश्चिमेकडे याच सुमारास हा प्रश्न पोपच्या अधिकारापर्यंत जाऊन भिडला. बाविसाव्या जॉनने (कार. १३१६–३४) १३३१ च्या सर्व संतांच्या सणापासून दिलेल्या प्रवचनांत असे मत मांडले, की संतांचे आत्मे अंतिम न्यायापर्यंत प्रकटीकरणात वर्णिलेल्या वेदीखाली विसावतात व ख्रिस्ताच्या मानवी रूपाचेच चिंतन करतात, ईश्वराचे साक्षात दर्शन त्यांना त्यानंतरच लाभते. या मताचे परिणाम दूरगामी होते. संतांना अद्याप देवदर्शन झाले नसेल, तर भाविकांनी त्यांच्या मध्यस्थीसाठी प्रार्थना का करावी, शुद्धिस्थानातून सुटलेला आत्मा कोठे जातो आणि आप्तांना गमावलेल्यांनी कोणता दिलासा धरावा, असे प्रश्न उभे राहिले. १३३३ मध्ये टॉमस वेलीस या इंग्रज डोमिनिकनाने आव्हीन्यों येथेच विरोधी प्रवचन दिले व तो कारावासात पडला. पॅरिसच्या धर्मपंडितांनी पोपचे मत अमान्य केले. विल्यम ऑफ ऑकम याने तर पोपवर पाखंडाचा आरोप केला. आपण हे मत धर्मसिद्धांत म्हणून मांडलेले नाही, अशी जॉनची भूमिका होती. मृत्यूच्या आदल्या दिवशी, ३ डिसेंबर १३३४ रोजी, त्याने ते मागे घेतले. त्याचा उत्तराधिकारी बारावा बेनिडिक्ट याने २९ जानेवारी १३३६ च्या आज्ञापत्राने शुद्ध आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वीच ईश्वरतत्त्वाचे समोरासमोर दर्शन घडते, असा निर्णय दिला. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४३९ मध्ये त्याला पुष्टी दिली.

उत्तरकालीन विचार : गूढवाद्यांच्या अनुभवांची परीक्षा ऑगस्टीनच्या त्रिविध वर्गीकरणानेच होत राहिली. आव्हिलाच्या सेंट तेरेसाने (१५१५–८२) आपली दर्शने याच परिभाषेत वर्णिली. तिचे आत्मचरित्र इन्क्विझिशनने तपासासाठी ताब्यात घेतले होते. तिचा सहकारी सेंट जॉन ऑफ द क्रॉस याने तर दर्शनांत गुंतून पडणे हाच ईश्वरप्राप्तीतील अडथळा मानला. प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थान नाकारले.

स्वर्गाची कल्पना परभाषेत नेतानाही अर्थनिर्णय करावाच लागला. फादर स्टीफन्सने राचोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणात ‘वैकुंठ’ हा वाचकांच्या परिचयाचा शब्द योजून त्यात ख्रिस्ती आशय भरला.

विसाव्या शतकात रूडोल्फ बुल्टमानने १९४१ मध्ये स्वर्ग, पृथ्वी व पाताळ अशा तीनमजली विश्वाचे चित्र ही प्राचीन काळाची भाषा असून तिचा अस्तित्वपर अर्थ लावला पाहिजे, असे प्रतिपादिले. पोप दुसरा जॉन पॉल याने १९९९ मध्ये स्वर्ग हे ढगांतील स्थान नसून ईश्वराशी असलेले जिवंत नाते आहे, असा खुलासा केला. शब्दशः अर्थ लावणारे ख्रिस्ती पंथ आजही मोठ्या संख्येने आहेत. मात्र, जे पाहिले ते शब्दांत पुरते मावत नाही, ही यहेज्केल व पौल यांची कबुली दोन्ही पक्षांना विचारात घ्यावी लागते.