आडवाटेची मोजमापे: काळ्या चबुतऱ्यापासून नाविकपर्यंत

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) जालना रस्त्यावर पैठण गेट आणि उस्मानपुऱ्याकडचे रस्ते जेथे मिळतात, तो क्रांती चौक पूर्वी काळा चबुतरा म्हणून ओळखला जाई. १८५७ साली हैदराबाद कंटिन्जन्ट या सैन्याच्या पहिल्या घोडदळातील शिपायांनी बंड केल्यावर पुण्याहून ईस्ट इंडिया कंपनीची फौज आली आणि पकडलेल्या शिपायांना याच जागी देहदंड देण्यात आला. चौकाचे आजचे नाव त्या बलिदानाचे स्मरण आहे. वाट शोधण्याच्या साधनांचा इतिहास सांगतानाही ही घटना महत्त्वाची ठरते, कारण फौज वेळेवर पोहोचवायची तर वाट आधी मोजलेली असावी लागते आणि त्या काळी हे मोजमाप सरकारच्या हाती असे. रस्ता सोडून डोंगराळ वा ओसाड मुलखातून वाहन नेणाऱ्या, म्हणजेच ऑफ-रोड प्रवाशाने कोणती उपकरणे बाळगावीत, हा प्रश्न आज बाजारातील निवडीचा वाटतो; प्रत्यक्षात गेली दोनशे वर्षे तो प्रामुख्याने मोजमापावरील अधिकाराचा प्रश्न होता.

मोजणीखात्यापूर्वीचा प्रवासी कोस आणि वाटाड्या या दोहोंवर विसंबून असे. सतराव्या शतकात सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याला गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने मुक्कामांमधील अंतरे कोसांत नोंदवली. परंतु कोसाची लांबी प्रांतागणिक बदलत असल्याने ती नोंद दुसऱ्या मुलखात लावता येत नसे. वाटाड्याचे ज्ञान अधिक पक्के होते. कोणत्या ओढ्याला कधी उतार मिळतो आणि कोणती घाटवाट बैलगाडीला झेपते, हे त्याला ठाऊक असे, मात्र त्याच्या शिवारापलीकडे ते ज्ञान संपत असे.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाने हे चित्र पालटले. एक पायारेषा साखळीने अत्यंत काटेकोर मोजायची आणि पुढची अंतरे थिओडोलाइट या दुर्बीणयुक्त कोनमापकाने त्रिकोण जोडत गणिताने काढायची, अशी त्याची रीत होती. मुख्य थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन असल्याने तो माणसांच्या खांद्यांवरून वाहून न्यावा लागे. लॅम्ब्टन यांचे निधन १८२३ साली वर्धा परिसरातील हिंगणघाट येथे झाले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती प्रतिरूप, म्हणजे लंबगोल, १८३० साली निश्चित केले, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पुढे दीर्घकाळ आधारलेले राहिले. अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत देश विभागून काढलेल्या या स्थलदर्शक नकाशांना टोपोशीट म्हणतात आणि छत्रपती संभाजीनगर शहर ४७ एम/५ या क्रमांकाच्या टोपोशीटवर येते. समोच्च रेषा, ओढे, विहिरी, गाडीवाटा आणि पायवाटा दाखवणारा हा कागद आडवाटेच्या प्रवाशाला आजही मोलाचा आहे.

१९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारे वाहन हळूहळू महसूल, पाटबंधारे व वन या खात्यांच्या हाती आले. वाहनाची पोच वाढली, पण नकाशा भूभागाबरोबर बदलत नव्हता. याचे सर्वांत ठळक उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस आहे. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरण राष्ट्रार्पण झाले. त्यापूर्वीच्या मोजणीवर आधारलेल्या नकाशात दिसणाऱ्या कित्येक गाडीवाटा आज नाथसागर या धरणाच्या जलाशयाच्या पाण्यात उतरतात. उलट उन्हाळ्यात पाणी ओसरले की मोबाइलच्या पडद्यावरील नकाशात जेथे निळा जलाशय दिसतो, तेथे गाळपेराची जमीन उघडी पडते. तिचा पापुद्रा भेगाळून कोरडा दिसला तरी खालचा गाळ ओला असतो आणि त्यात चाक आसापर्यंत रुतते. पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वाहन नेणे मुळातच गैर. पण कागद आणि पडदा दोन्ही आपापल्या काळापुरते बिनचूक असूनही जमीन वेगळेच सांगते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

जीपीएस ही उपग्रहांच्या वेळसंकेतांवरून ठिकाण काढणारी अमेरिकी लष्कराची यंत्रणा १९९५ साली पूर्ण क्षमतेने सुरू झाली, परंतु नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेल्या दोषामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शके. अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन घळी शेजारी शेजारी असल्या की एवढ्या चुकीने गाडी भलत्याच घळीत शिरणार. २००० सालच्या मे महिन्यात हा दोष काढण्यात आला आणि हातात मावणारा जीपीएस संच आडवाटेसाठी खऱ्या अर्थाने उपयुक्त झाला.

तरीही भारतीय प्रवाशापुढे एक अडचण उरली. स्कॅन केलेली टोपोशीट लॅपटॉपवर उघडून तीवर संचाचे स्थान उमटवले की दख्खनच्या पठारावर शंभरेक मीटरची तफावत पडे, कारण टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक प्रतिरूपावर आधारलेली होती. संगणकप्रणालीत योग्य आधारप्रतिरूप निवडले की दोष नाहीसा होई. त्यामुळे महागडा संच घेण्यापेक्षा नकाशा आणि संच एकाच हिशेबावर आणणे अधिक महत्त्वाचे होते, आणि उपकरणांच्या निवडीची चर्चा करताना हाच मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहिला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी डब्ल्यूजीएस ८४ वरील खुली नकाशामालिका ठरवली, २०१७ पासून ती संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा दिली.

संगणकाच्या बाबतीत मराठवाड्याचे हवामान हाच खरा परीक्षक आहे. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी निकामी होई, म्हणून फिरता भाग नसलेली साठवण आणि धूळ-पाणी रोखणारे आवरण यांना प्राधान्य मिळाले. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेला टॅब्लेट तापून बंद पडतो आणि साध्या पडद्यावरील अक्षर उन्हात वाचता येत नाही. मोबाइलचे जाळे नसलेल्या भागासाठी नकाशे आधीच उतरवून घेणे अपरिहार्य ठरते. परदेशात सर्रास वापरले जाणारे उपग्रह दूरध्वनी आणि उपग्रह संदेशसंच भारतात सरकारी परवान्याविना बाळगता येत नाहीत, त्यामुळे परदेशी याद्या येथे जशाच्या तशा लावणे धोक्याचे आहे.

इस्रोने १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडून उभारलेली प्रादेशिक दिशादर्शन यंत्रणा २०१६ साली नाविक या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांचे संकेत मोजक्याच संचांना घेता येत. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात जीपीएसच्या नागरी संकेताचीच एल-१ ही वारंवारता प्रथम आली आणि लहान, स्वस्त संचांत नाविकचा समावेश सुकर झाला. गावनकाशावर नोंदलेल्या पाणंदी आणि शिवरस्ते मात्र या संचांतील नकाशांवर अजून बहुतांशी उतरलेले नाहीत. काळ्या मातीतील अशी पाणंद पावसाळ्यात वाहनाला चालेल की नाही, हे त्या शिवारातील शेतकऱ्यालाच विचारावे लागते.