टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी विमानसेवा : मुंबईचा अनुभव

भारतीय विमानसेवेच्या इतिहासात सामान्यतः प्रवाशाला अग्रस्थान दिले जाते. प्रत्यक्षात आरंभ टपालाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ हे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहू येथे उतरविले. त्यात प्रवासी नव्हता. होते ते सुमारे २५ किलो टपाल. मद्रासपर्यंतचा पुढील टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पूर्ण केला.

इंपीरियल एअरवेजने कराचीस आणलेले विलायती टपाल देशात त्वरेने पोहोचविणे, हा या सेवेचा हेतू होता. सरकारने अनुदान दिले नाही. मोबदला वाहिलेल्या टपालावरच मिळे. साहजिकच धोका सर्वस्वी कंपनीचा होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान निकामी होई, तेव्हा पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. तरीही पहिल्या वर्षी १५५ प्रवासी व सुमारे १० टन टपाल वाहून कंपनीने ६० हजार रुपये नफा मिळविला. या हिशेबात प्रवासी हे पूरक उत्पन्नच म्हणावे लागेल. हीच कंपनी १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ झाली.

पुढे विमाने मोठी झाली, माल प्रवाशांच्या पायांखालील कप्प्यात गेला आणि अभ्यासकांच्या नजरेआडही झाला. वस्तुतः तिकिटांचे उत्पन्न अपुरे पडणाऱ्या मार्गावर अनेकदा हाच माल फेरी परवडण्याजोगी करतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे प्रवासी उड्डाणे थांबली. मालवाहतुकीस मात्र मुभा होती. तेव्हा प्रवाशांच्या रिकाम्या आसनांवरही खोकी बांधून विमाने उडविण्यात आली.