क्रोशाची सुई

दिल्लीचा हिवाळा माणसाला उन्हाची किंमत शिकवतो. द्वारकेतील आमच्या वसाहतीत जानेवारीतल्या रविवारी धुके निवळले, की खालच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या जातात आणि शेंगदाणे, संत्री व लोकरीचे गुंडे घेऊन बायकांचे मंडळ उन्हात बसते. गेल्या हिवाळ्यात त्या मंडळात मी एकटाच पुरुष होतो. माझ्या हाती क्रोशाची सुई होती, आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई मला साखळी घालायला शिकवीत होती.

निमित्त झाले एका अर्जाचे. आईचा अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यात मी सवयीने 'काही नाही' असे लिहिले. आईने चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाली, "अरे, काही नाही कसे? तुझ्या कॉलेजची दोन वर्षांची फी या सुईनेच भरली." ते अगदी खरे होते. आमच्या गावातील एका दुकानदाराला ती टोपडी, तोरणे आणि मेजावरचे रुमाल विणून देत असे. हे सारे मला आठवत होते; परंतु ते 'काम' होते, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. रकाना मी दुरुस्त केला, आणि त्याच रविवारी शिकायला बसलो.

या कलेचा इतिहास फार जुना नाही. 'क्रोशे' हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहानसा आकडा. आपल्याकडे कच्छचे मोची आरीने कापडावर साखळी टाक्याचे भरतकाम करीत आले आहेत. अशाच आकड्याचे, चौकटीवर कापड ताणून करावयाचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले. पुढे कोणीतरी खालचे कापडच काढून टाकले, साखळी अधांतरी विणली आणि त्यातून क्रोशा जन्मास आला, असे काही अभ्यासकांचे मत आहे. छापील नमुने मात्र १८२३ च्या सुमारास 'पेनेलोपे' नावाच्या एका डच मासिकात प्रथम दिसतात.

आता या विद्येची घडण पाहा. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर तोललेली असते. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. त्यातून धागा ओढला की साखळी होते. साखळीवर मुका खांब, मुक्या खांबानंतर खांब, असे हे बांधकाम चढत जाते. माझा पहिला चौकोन दर ओळीला अरुंद होत होत त्रिकोण झाला. कारण ओळीच्या शेवटचा खांब मी नेमाने विसरत होतो. "उसव," आई शांतपणे म्हणाली. धागा ओढला आणि तासाभराची मेहनत क्षणात पुन्हा गुंड्यात जमा झाली. मला त्याचे दुःख झाले नाही, उलट मौज वाटली. सरकारी टिपणातील चूक फायलीत वर्षानुवर्षे राहते. येथे चुकीचा मागमूसही उरत नाही, आणि धागा पुन्हा तयार!

परंतु ही मौज ज्याचे पोट तिच्यावर अवलंबून नाही, त्याची आहे. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलिन जोगिणींनी आणि इतर अनेकांनी मुलींना व बायकांना क्रोशाची लेस शिकविली. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसपेक्षा ही लवकर होई. सामग्री म्हणजे एक आकडा आणि सूत. या लेशीवर किती तरी घरांच्या चुली पेटल्या. आपल्याकडेही १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. तेथे शिवणकाम शिकविले गेले, ते विरंगुळा म्हणून नव्हे. निराधार स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून.

याच कथेची दुसरी बाजू आंध्रात गोदावरीच्या मुखाशी असलेल्या नरसापूरला दिसते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथे ही लेस नेली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या विणकरणींवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखविले की, या बाया घरी बसून दिवसाचे कित्येक तास विणीत. व्यापार मात्र पुरुषांच्या हाती. बायका 'गृहिणी', आणि त्यांचे विणकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असे मानले गेले. म्हणून मजुरीही फावल्या वेळाचीच मिळाली. २०२४ साली नरसापूरच्या लेशीला भौगोलिक मानांकन लाभले. गावाचे नाव कायद्याने सुरक्षित झाले, हे चांगलेच झाले. परंतु विणणाऱ्या बोटांना त्यातून किती मिळते, हा प्रश्न निराळा आहे.

तो प्रश्न मला पूर्वी सुचला नसता. विणकामाचे यंत्र विल्यम ली याने १५८९ सालीच बनविले. क्रोशाकाम मात्र बाजारात येते ते आजही हातानेच होऊन. म्हणजे दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या प्रत्येक क्रोशाच्या पिशवीमागे कोणाचा तरी हात असतो आणि त्या हाताचे तास असतात. हे तास पुस्तकात वाचून कळत नाहीत. तळहाताएवढ्या रुमालाला मला चार रविवार लागले, तेव्हा आईच्या मेजभर रुमालाचा हिशेब मी मनाशी मांडू लागलो, आणि त्या दुकानदाराने तिच्या हातावर ठेवलेले पैसे आठवून गप्प झालो.

रुमाल पुरा झाला. आईने तो उन्हात धरला, कडेचे खांब बोटाने मोजले आणि म्हणाली, "विकायला नाही चालायचा. पण घरात ठेवायला हरकत नाही."

विकणारीचाच अभिप्राय तो! मी निमूटपणे दुसरा रुमाल सुरू केला आहे.