चाकाचा कल आणि टायरची झीज

बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्ट्याला आपल्या भाषेत ‘धाव’ म्हणतात. ती झिजायला वर्षे लागत. मोटारीचा रबरी टायर मात्र लवकर बोलू लागतो. मध्यभागी शाबूत राहून तो आतल्या कडेला गुळगुळीत झाला, तर जाणकार मेकॅनिक टायरला दोष न देता चाकाचे कोन तपासतो. समोरून पाहता चाक किती कललेले आहे, तो कॅम्बर. वरून पाहता डावे-उजवे चाक एकमेकांशी कितपत समांतर आहे, तो टो. कॅम्बर जास्त असला की एक कड झिजते. टो बिघडला की चाक पुढे जाताना सतत किंचित आडवे घासत राहते, आणि टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने मऊ व उलट दिशेने करवतीसारखे लागते.

स्पोर्ट्स कारच्या इतिहासात दीर्घकाळ मागच्या चाकांचा कल पूर्णपणे अभियंत्याच्या स्वाधीन नव्हता. एडमुंड रुम्पलर यांनी १९०३ साली पेटंट घेतलेल्या ‘स्विंग ॲक्सल’मध्ये अर्धा आस मधल्या बिजागरीवर हलतो, आणि चाक वर-खाली होताना त्याचा कलही बदलतो. गाडीत ओझे भरले, की चाके वरून आत झुकतात व आतली कड झिजते. ती झीज परवडली. धोका निराळाच होता. वळणावर चालकाने घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, की गाडीचा मागचा भाग उचलला जाई, चाक खालून आत दुमडे आणि रबराची पकड ऐन वेळी सुटे. पंखांसारखी दारे असलेली १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल अशीच होती. १९५७ च्या उघड्या आवृत्तीत बिजागरी खाली घेऊन हा दोष बराच कमी केला गेला.

१९६० च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचे प्रकरण अधिक गाजले. तिच्या पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवणे आवश्यक होते. इतका फरक सामान्य मालक कटाक्षाने पाळील, ही अपेक्षाच आम्हांस भाबडी वाटते. १९६४ साली मागे आडवी पाटा-स्प्रिंग आली, १९६५ साली रचनाच बदलली. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. १९७२ च्या सरकारी अहवालाने गाडी समकालीनांपेक्षा वाईट नसल्याचे म्हटले. मात्र तुलनेतल्या फोक्सवॅगन व रेनॉ या गाड्यांनाही स्विंग ॲक्सलच होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे अनेक दांड्यांची जोडणी आली आणि कल ठरवून देता येऊ लागला. आता अभियंते चाक मुद्दामच वरून थोडे आत झुकवतात. वळणावर गाडीची काया बाहेर कलते, तेव्हा बाहेरचे चाक सरळ होऊन पूर्ण रुंदीने रस्त्यावर टेकते. शर्यतीच्या मार्गावर हे योग्यच; पण सरळ महामार्गावरून रोज जाणाऱ्याची आतली कड विनाकारण खर्ची पडते. त्यात टो जरासा चुकला, तर झीज कितीतरी वेगाने होते. उभ्याने पाहता बाहेरची बाजू नवीकोरी दिसते. पुढचे चाक वळवून आतली कड पाहता येते. मागच्यासाठी गाडी वर उचलावीच लागते.