गाणं मध्येच का तुटतं? एका चुकीच्या गृहीतकाचा इतिहास

दिवाळीत गावी, चिखल्याला गेलो होतो. संध्याकाळी धुऱ्यानं चालताना मागच्या खिशातल्या म्युझिक प्लेअरवरचं गाणं ब्लूटूथ हेडफोनमध्ये सारखं तुटायचं. घरात आलो की ठीक. हॉस्टेलवर मात्र रात्री नऊनंतर खोलीतच तुटतं. मी निष्कर्ष काढून मोकळा: प्लेअरच्या अँटेनात दोष आहे. सेमिनारचा प्रस्तावही त्यावरच लिहिला. गाइडनी एकच विचारलं, "दोष अँटेनात आहे, तर गावच्या घरात का तुटत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना इतिहासात शिरावं लागलं, म्हणून हा लेख.

आबाजींनी तेव्हा विचारलं होतं, "काहून रे, सेल संपले का?" मी हसलो, पण त्यांच्या काळाचं ते बरोबर निदान होतं. ट्रान्झिस्टरचा आवाज खोल गेला की सेल उन्हात ठेवायचे. त्या कोरड्या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड असतं. ही रचना लेक्लांशेच्या 1866 च्या सेलपासून चालत आलेली. आमचा तुमसर तालुका मँगनीजचाच. चिखल्याला भूमिगत खाण आहे, आणि जवळच्या डोंगरी बुजुर्गचं खनिज सेलच्या उद्योगाला जातं. म्हणजे सोबत नेता येणाऱ्या संगीताची पहिली अडचण होती ऊर्जेची.

ऑक्टोबर 2001 मध्ये आयपॉड आला तेव्हा प्लेअर आणि कान यांच्यात वायर होती. वायर गेली आणि प्रश्न बदलला: गाणं हवेतून न्यायचं, पण कुठल्या पट्ट्यातून?

1947 साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 2450 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या उपकरणांसाठी ठेवला गेला. तिथली लहरी यंत्रं संदेशासाठी नव्हती, तापवण्यासाठी होती. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातलंच. (पाण्याचा रेणू नेमक्या याच वारंवारतेला 'जुळतो' असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. ते खरं नाही. पाणी या लहरी शोषतं, पण पट्टा निवडला गेला तो वाटपाच्या सोयीनं.) इथं संदेश पाठवणाऱ्यानं या यंत्रांचा गोंगाट सहन करायचा, असा नियम होता.

1985 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं हा पट्टा संदेशवहनासाठी विनापरवाना खुला केला. 1994 मध्ये एरिक्सनमध्ये ब्लूटूथचं काम सुरू झालं, 1997 मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं. दोघंही याच पट्ट्यात, कारण परवान्याची कटकट नाही. भारतात 2005 मध्ये 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. जागा फुकट, म्हणून गर्दी. आपली अडचण इथे जन्मली.

आता यंत्रणा बघा. ब्लूटूथ मुळात छोट्या केबलीला पर्याय म्हणून आणि आवाजाच्या संभाषणासाठी बनलं. त्या संभाषणाला सेकंदाला 64 किलोबिट पुरतात. सीडीच्या दर्जाच्या संगीताला 1411 लागतात. म्हणून 2003 मध्ये संगीतासाठी वेगळा नियमसंच आला आणि गाणं साधारण 328 किलोबिटांपर्यंत दाबून पाठवणं सुरू झालं. ब्लूटूथ 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारतं. वायफायची एक वाहिनी त्यातल्या वीसेक वाहिन्या व्यापते. 2003 च्याच सुधारणेनं ब्लूटूथला गर्दीच्या वाहिन्या टाळायला शिकवलं, पण हॉस्टेलमध्ये तीन-चार राऊटर एकदम चालू असले की टाळून जायचं कुठे?

हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. फाइल उतरवताना तो दोन सेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. गाण्याला मात्र वेळेची मुदत असते. हेडफोनमधला छोटा साठा संपेपर्यंत तुकडा आला नाही, की गाणं तुटलं.

हे झालं हॉस्टेलचं. पण शेतात कसली गर्दी? तिथे आडवं येत होतं माझंच शरीर. शरीरात पाणी भरपूर, ते या लहरी शोषतं. खोलीत भिंतींवरून परावर्तित होऊन लहरी वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मोकळ्या शेतात परावर्तनाला भिंतच नाही. हेडफोनचा रिसीव्हर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूच्या वरच्या खिशात प्लेअर ठेवला आणि शेतातलं तुटणं थांबलं. हॉस्टेलवर तीच युक्ती केली, फरक जवळजवळ शून्य.

म्हणजे लक्षण एक, कारणं दोन. माझं 'प्लेअर खराब' हे गृहीतक दोन्हीकडे चुकलं होतं.

तयारी करणाऱ्यांना माझ्या या फजितीतून दोन गोष्टी सांगतो. एक, अडचण कुठे येते हे लिहाल तेव्हा ती कुठे येत नाही हेही शेजारी लिहा. माझं उत्तर त्या दुसऱ्या रकान्यात होतं. दोन, उपकरणावर ठपका ठेवण्याआधी ते ज्या व्यवस्थेत चालतं तिचे निर्णय कुणी, कधी, कशासाठी घेतले ते वाचा. माझ्या गाण्याच्या तुटण्यातला अर्धा भाग 1947 च्या परिषदेतून आलेला होता, हे सर्किट उघडून कधीच दिसलं नसतं.

प्रस्ताव मी पुन्हा लिहिला. या वेळी शीर्षकात 'दोष' हा शब्द नाही.