पानातली साखर आणि गाळलेली नावे

प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली आहे. हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवते आणि प्राणवायू बाहेर पडतो. झाले, दोन मार्क पक्के! पण हवेतला कार्बन पानात शिरल्यापासून त्याची साखर होईपर्यंत मधे नेमके काय घडते, हे १९४० साली जगात कुणालाच ठाऊक नव्हते.

अडचण साधी होती. पानात आधीच भरपूर कार्बन असतो. त्यातला आत्ता आलेला कोणता, हे ओळखायचे कसे? त्याच्यावर काहीतरी खूण हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, सॅम रुबेन आणि मार्टिन केमेन यांनी आधी किरणोत्सारी कार्बन-११ वापरून पाहिला. पण तो दर वीस मिनिटांना निम्मा होतो. बनवला की धावत सुटायचे! मग फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांना कार्बन-१४ सापडला. याला निम्मे व्हायला सुमारे ५,७३० वर्षे लागतात. आता घाई नव्हती.

पण त्या दोघांनाच वेळ मिळाला नाही. १९४३ मध्ये युद्धासाठीचे संशोधन करताना फॉस्जीन हा विषारी वायू निसटला आणि रुबेन गेला. वय २९. पुढच्याच वर्षी, गुपिते फोडल्याच्या संशयावरून केमेनला प्रयोगशाळेतून काढले. संशय निराधार होता.

युद्धानंतर काम पुढे नेले मेल्विन कॅल्विनच्या गटाने. अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम त्यातलेच. पानात चालते तेच काम हिरव्या शेवाळातही चालते. म्हणून चपट्या काचपात्रात शेवाळ ठेवायचे, उजेड द्यायचा, कार्बन-१४ सोडायचा आणि काही सेकंदांतच सगळे गरम अल्कोहोलमध्ये ओतून क्रिया थांबवायची. मग त्यातले पदार्थ कागदावर वेगळे करायचे. जिथे कार्बन-१४ असेल तिथे फिल्मवर काळा डाग! सर्वांत आधी डाग उमटला तो तीन कार्बनच्या फॉस्फोग्लिसरिक आम्लाचा. हळूहळू पूर्ण चक्र उलगडले. पाच कार्बनच्या रेणूला कार्बन डायऑक्साइड जोडला जातो, त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, त्यांतून थोडी साखर निघते आणि उरलेल्यातून पुन्हा पाच कार्बनचा रेणू तयार होतो. हे सगळे चालते प्रकाशातून मिळवलेल्या ऊर्जेवर.

१९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले एकट्या कॅल्विनला. बेन्सनला १९५४ मध्येच ती प्रयोगशाळा सोडावी लागली होती. कॅल्विनच्या १९९२ च्या आत्मचरित्रात त्याचे नावही नाही. तो २०१५ मध्ये, ९७ व्या वर्षी वारला.

आता काही पुस्तकांत 'कॅल्विन-बेन्सन-बॅशम चक्र' असे छापतात. बरे वाटते. पण रुबेन आणि केमेन त्यातही नाहीतच. ज्यांनी खूण शोधून दिली, त्यांचीच खूण राहिली नाही.

असो. घरात कुणी दहावी-बारावीची मुले हे चक्र पाठ करत असतील, तर त्यांना ही नावेही सांगा. परीक्षेत मार्क मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे झाले.